मनवारीची आग

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दर्यावर पोट भरणाऱ्या खारव्याच्या घरात जन्मून मला बोट लागते... म्हणून शिकून कचेरीत चिकटलो. थट्टेची सवय आहे. तुम्हीही खुशाल करा.

आमचं घर रत्नागिरीला, मिरकरवाड्यात, बंदरासमोर. आजोबा तरुणपणी इंग्रज सरकारच्या मनवारीवर, म्हणजे लढाऊ आगबोटीवर, भट्टीत कोळसा ओतायला होते. मुंबईच्या गोदीत बांधलेली सागवानी बोट, दोन्ही अंगांना पाणी कापणारी मोठाली चाकं! तिने एडनला पलटणी पोचवल्या, इराणच्या आखातात चाचे पळवले, आणि म्हातारपणी बिचारी मुंबईत नांगरून कोळशाचं कोठार झाली. ती मोडीत निघाली तेव्हा आजोबांनी तिची एक फळी आणून आमच्या होडीच्या तळाला बसवली.

एकोणीसशे तीसच्या दशकातली, थंडीतली सकाळ. माझा थोरला भाऊ, दादा, एकटाच होडी घेऊन गेला होता. जमिनीकडून मतलई वारा असा काही सुटला की बाकीच्या होड्या कशाबशा परतल्या. लोक म्हणाले, दादाचं शीड फाटलंय, वल्हंही गेलंय. वारा त्याला बाहेर ओढतोय आणि वारा पडेपर्यंत कुणाला मागे जाता येणार नाही. आई देवापुढे दिवा लावायला घरात धावली.

नव्वदीला टेकलेले आजोबा कैक महिने अंथरुणाला खिळलेले. ते एकदम उठून बसले आणि हात चालवू लागले — फावडं खुपसायचं, वळायचं, ओतायचं... हातात काहीच नाही! घामाने नुसते निथळत होते. न राहवून आईने त्यांचे हात घट्ट धरले.

"मामंजी, पुरे ओ! जीव जाईल तुमचा!"

"सोड गो! आग इझली तं पोर येयाचा नाय!"

बऱ्याच वेळाने त्यांनी हात हिसडून सोडवले आणि पुन्हा सुरू केलं.

दुपारी होडी बंदरात शिरली. शीड नाही, वल्हं नाही, वारा समोरून. आजोबांनी विचारलं, "होडी लागली?" मी हो म्हणालो. ते शांतपणे आडवे झाले... आणि गेले.

संध्याकाळी दादा म्हणाला, "पायाखालची फळी धडधडत होती, तापली होती. मधीच समदा बंद पडला. होडी परत भायेर वाहायला लागली. मी आशाच सोडलेली."

आईने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

कचेरीतले म्हणतात, पाण्याची ओढ असेल. असेलही. पण खूप दिवसांनी आईने मला एकदाच विचारलं, "मी आनखी थोडा येळ हात धरून ठेवले असते तं?"