राळेचं शिरस्त्राण

“वाळू द्या.” आमच्या कचेरीत कुणी कशाचीही घाई केली, की आमचे ड्राफ्ट्समन एवढंच म्हणायचे आणि नकाशावर हलकेच फुंकर घालत राहायचे. काम नकाशे काढायचं, त्यामुळे शाईपुरतं ते ठीकच होतं. पण बढतीचा विषय निघाला तरी “वाळू द्या”, आणि कुणी अंगावर धावून आलं तरी “वाळू द्या.”

पनवेलला आम्ही शेजारी होतो. ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आजोबांचा जवळच्या आपटा गावी तेलाचा घाणा होता. घरी ते आणि म्हातारी आई, दोघंच. आईला जवळजवळ दिसतच नसे. अंगानं ते बारीक, आवाज मात्र खणखणीत. म्हणून कचेरीच्या वार्षिक नाटकात त्यांना दरवर्षी सरदाराचं काम असायचं. राजा अर्थातच आमचे हेडक्लार्क, रावसाहेब. कचेरीत ज्याचा दरारा, रंगमंचावरही त्याचंच राज्य!

त्या वर्षी दरबाराच्या प्रवेशात रावसाहेब भाषण विसरले. विंगेतून शब्द सुचवले ते त्यांना ऐकू येईनात. तेव्हा त्यांनी काय करावं? समोर उभ्या असलेल्या सरदाराच्या डोक्यात सणसणीत चापट मारली. पुठ्ठ्याचं, बेगड लावलेलं ते शिरस्त्राण चेपून नाकापर्यंत खाली आलं. प्रेक्षक हसून लोळायचे बाकी राहिले. आत आल्यावर रावसाहेब सगळ्यांना सांगत होते, “बघितलंत, कसा हशा घेतला!”

म्हातारी पहिल्या रांगेत बसली होती. घरी परतताना मी बरोबर होतो. तिनं विचारलं, “कुणाला मारलं रे? एवढे हसले सगळे.”

“नाटकातल्या माणसाला, आई.”

“आवाज तुझ्या डोक्याजवळून आला.”



दुसऱ्या दिवसापासून कचेरीत खेळच सुरू झाला. जो तो त्यांच्या टेबलावरून जाताना डोक्यावर टपली मारून जाई. शिपाईसुद्धा. ते मान वर न करता रेघ पुरी करायचे. मला वाटलं, माणूस विसरला. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

पुढच्या वर्षी नाटक तेच ठरलं, कारण रावसाहेबांना तो हशा पुन्हा हवा होता. तेव्हा हे म्हणाले, “शिरस्त्राण मी घरी करतो.”

मग त्यांच्या ओटीवर कारखाना थाटला गेला. पातेलं पालथं घालून त्यावर खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्रांचे थर. ते सुकले की गोणपाटाच्या पट्ट्या. मग जवसाच्या तेलात राळ कढवून त्या पट्ट्यांवर ब्रशानं चोपडायची. सगळ्या आळीत राळेचा वास सुटला. समोरच्या काकू विचारून गेल्या, “काय हो, कुणाची पूजा आहे?”

“आहे एक,” ते म्हणाले.

एक थर सुकला की ते बोटाच्या पेरानं ठोकून बघायचे. आधी ‘डब’ असा आवाज यायचा. मग ‘टक’. माझ्या हातात काठी देऊन म्हणाले, “मारा.” मी बेतानं मारली. “तसं नाही. रावसाहेबांसारखी.” मी जोरात हाणली तशी काठी उसळून माझ्याच गुडघ्यावर आली. त्यांनी शिरस्त्राण उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, “अजून एक हात देऊ.”

“नाटकातल्या वस्तूला एवढं कशाला?”

“आमचे महाराज हाताचे जड आहेत.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते बघायचंच होतं.

शेवटी खडूची पूड तेलात मळून त्यांनी लांबी भरली. खाचखळगे बुजवले, पॉलिशपेपरानं घासून काढलं. वरून बेगड चिकटवला आणि अगदी गेल्या वर्षीसारखा, कडेला थोडा फाटकाच ठेवला. आत कापसाची गादी शिवली. तालमीत रावसाहेबांनी विचारलं, “टोप कुठाय?” हे शांतपणे म्हणाले, “रंग ओला आहे. वाळू द्या.”

प्रयोगाला म्हातारी पुन्हा पहिल्या रांगेत. दरबार भरला. रावसाहेबांनी प्रेक्षकांकडे बघून मिशीला पीळ दिला, हात पार खांद्यामागे नेला आणि हाणला. दारावर धोंडा आदळावा तसा आवाज झाला. सरदार जागचा हलला नाही. महाराज मात्र वाकले, हात काखेत दाबला आणि डोळ्यांत पाणी आलं.

पुढे राजानं सरदाराला तलवार द्यायची होती. हे ताठ उभे. “महाराज, तलवार!” राजा गप्प. आवाज चढवून पुन्हा, “महाराज, तलवार द्यावी!” मागून कुणीतरी खिदळलं आणि बघता बघता सगळा मांडव हसू लागला. मी विंगेत होतो, म्हणून मला ऐकू आलं. रावसाहेब कुजबुजले, “अरे, हात मोडला माझा.”

हे ओठ न हलवता म्हणाले, “हशा चांगला घेतलात, रावसाहेब.”

घरी जाताना म्हातारीनं विचारलं, “आज कुणाला लागलं?”

“त्याला.”

ती मुलाचा हात धरून म्हणाली, “बरं झालं. आता भूक लागलीय, चल.”

रावसाहेबांचा हात गळ्यात आला. कचेरीतल्या टपल्या बंद झाल्या. यांची बदली लांब झाली. ती कुणी केली हे सांगायला नकोच. ते निमूट गेले. पुढे आई वारल्यावर त्यांचे नातेवाईक इस्रायलला निघाले, त्यांच्याबरोबर यांनीही जायचं ठरवलं. निरोप घ्यायला पनवेलला आले तेव्हा एस्‌टी स्टँडवर मी म्हणालो, “रावसाहेब रिटायर झालेत. तब्येत बरी नसते. भेटून जाता का?”

“नको. भेटलो तर माफ करावं लागेल.”

“मग करा की. आता पुन्हा कधी येणार तुम्ही?”

“म्हणूनच नको. आई एकदा म्हणाली होती, तुला मारलं तेव्हा मला दिसत नव्हतं ते बरं होतं. तिच्या वाटचं मी कसं माफ करू?”

हे मला त्यांनी आजवर सांगितलं नव्हतं. मी त्यांची बॅग उचलून गाडीत ठेवली.

गाडी सुटली. डोक्यावरची काळी टोपी काढून ते वळण येईपर्यंत खिडकीतून हलवत राहिले. केस सगळे पांढरे झाले होते. वाऱ्यानं ते लहान मुलाच्या जावळासारखे उभे राहिले होते.