सातव्या माळेला विझलेला दिवा

देवीवर रागावता येतं का, असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, येतं. मी त्या वर्षी चांगली रागावले होते. तिच्यावर, यांच्यावर आणि यांच्या क्लबातल्या त्या मित्रावर, ज्याने आमच्या घरात परदेशाचं खूळ घातलं. त्या क्लबाची अदलाबदलीची योजना होती. आपलं मूल वर्षभर त्यांच्या घरी, त्यांचं मूल आपल्या घरी. आमची प्राजक्ता बारावीला उत्तम मार्कांनी पास झालेली, इंजिनिअरिंगचा प्रवेश हाताशी आलेला. तो सोडून ही फिनलंडला परक्यांच्या घरी राहायला निघाली, आणि हे म्हणाले, "जाऊ दे गं, जग बघेल." जग काय पळून चाललं होतं? पण बाप आणि लेक एक झाले की माझं काही चालत नाही. ऑगस्टात प्राजू गेली आणि तिच्या बदली हेली आली.

हेली सतरा वर्षांची. तिच्या घरी, तिच्याच खोलीत, तिच्याच पलंगावर माझी पोर झोपत होती आणि ही माझ्या पोरीच्या. मुलगी वाईट नव्हती, हे मी रागातही मान्य करत होते. पोहे आवडीने खायची, मोडकंतोडकं मराठी बोलायची, मला आई म्हणायची. तेच मला खटकायचं. आई म्हणायला हिची आई होती ना तिकडे, मार्या! त्या मार्याने माझ्या पोरीला गेल्या गेल्या सांगितलं होतं, दार लावून घेत जा, तुझ्या खोलीत कोणी येणार नाही. त्यांच्याकडे म्हणे तशीच रीत आहे. डोंबलाची रीत! पोर तापाने फणफणली तर कोण बघणार?

आमची कुलदेवी वणीची सप्तशृंगी. नवरात्रात घट बसतात आणि नऊ दिवस दिवा अखंड तेवत ठेवायचा असतो. सासूबाई गेल्यापासून तो माझ्याकडे आहे आणि माझ्या हातून कधी विझला नव्हता. त्या वर्षी तर मी तो प्राजूच्या नावाने लावला होता. तिलाही फोनवर बजावलं होतं, बॅगेत निरांजन दिलंय, तूही रोज लाव. माझ्या मनाने घेतलं होतं की हा दिवा जोवर जळतोय तोवर माझी पोर सुखरूप आहे.

सातव्या माळेला आम्ही दोघं कालिकेच्या जत्रेला ओटी भरायला गेलो. हेलीला सर्दी झाली होती, म्हणून ती घरी थांबली. दिवा असताना घर रिकामं टाकायचं नाही, त्यामुळे मला ते बरंच वाटलं. निघताना म्हटलं, "दिव्याकडे लक्ष ठेव हं." परत आलो तर दाराला कुलूप. शेजारच्या काकूंकडून किल्ली घेतली, दार उघडलं, तर घटापुढे काळोख. समई पुसून लख्ख केलेली, वात चिमटून बाजूला काढलेली, उरलेलं तेल वाटीत झाकून ठेवलेलं. 

थोड्या वेळाने बाईसाहेब मैत्रिणींबरोबर गरबा बघून आल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "आई, मी दिवा नीट बघितला. घरात कोणी नाही, आग डेंजर." त्यांच्याकडे घरं लाकडाची. पेटती ज्योत मागे ठेवून बाहेर पडायचं नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते लिहिण्यासारखं नाही. यांना म्हटलं, "उद्याच्या उद्या हिची दुसऱ्या घरी सोय करा."

हे म्हणाले, "अगं, हिला हलवलं तर प्राजूलाही तिथून हलवतील. कुठल्या कोणाकडे जाईल ती?"

"हलवू देत. नाहीतरी कुठे मोठं सुख लागलंय!"

दिवा मी पुन्हा लावला. पण हात जोडले नाहीत. सकाळी मखमलाबादची फुलवाली माळ घेऊन आली. तिला सांगितलं तर ती गालावर हात ठेवून उभीच राहिली. "ह्ये काय बरं नाय झालं बाई. लय वंगाळ. त्यात पोर परमुलखात हाय तुमची!"  घरच्या फोनवरून परदेशी लागत नसे, म्हणून तशीच बूथवर जाऊन फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. घरी येऊन घटासमोर उभी राहिले आणि स्पष्ट सांगितलं, "माझ्या पोरीला काही झालं ना, तर तुझं नि माझं नातं संपलं."

संध्याकाळी प्राजूचाच फोन आला. आवाज रडवेला. "आई, ओरडू नकोस हं." माझा हुकूम म्हणून ती रोज दिवा लावत होती, पण त्या घरात चालणार नाही म्हणून चोरून, कपाटात. आदल्या दिवशी तो तसाच ठेवून ती शाळेत गेली. वर ओढणी लटकत होती. मार्या एरवी त्या खोलीत पाऊल टाकत नाही. त्या दिवशी तिला हेलीची फार आठवण आली, करमेना, म्हणून ती लेकीच्या पलंगावर नुसती जाऊन बसली. जळका वास आला. कपाट उघडलं तर ओढणीचं टोक पेटलेलं. हाताने चोळून तिने ते विझवलं, दिवाही विझवला.

"ओरडली का तुला?" मी विचारलं.

"नाही गं. हाताला पट्टी बांधलीय तिने. आज तिनेच दिवा स्वयंपाकघरात टेबलावर लावला, खाली पाण्याची परात ठेवली, आणि जळतोय तोवर शेजारी बसून राहिली. आता म्हणते रोज असाच लावायचा."

दोन्हीकडचे दिवे एकाच वेळी विझले का, ते बघायला हे घड्याळ घेऊन बसले. मी त्यांना उठवलं. मला ते करायचं नव्हतं. माझ्या दिव्याने माझ्या पोरीला राखलं असं मी धरून चालले होते, आणि तिकडे पोरीला राखलं ते दिवा विझवणाऱ्या हातांनी. देवीला म्हटलं, एवढंच सांगायचं होतं तर काळीज कशाला फाडलंस? आणि मग हात जोडले. दोन दिवस अडलेलं रडू तेव्हा आलं.

हेली दारात उभी होती. बॅग भरलेली. तिला सगळं सांगितलं. आई आपल्या पलंगावर जाऊन बसली होती, हे ऐकल्यावर ती पोर जी रडायला लागली ती थांबेना. मी तिला जवळ घेतलं आणि मला मार्याचा पुन्हा राग आला. एवढं करमत नव्हतं तर धाडलीस कशाला पोरीला? मग वाटलं, हे तीही मला विचारू शकते.

प्राजूला निरोप देताना मी म्हटलं होतं, देवी, तुझ्या पदरात घातली. पण घातली कुठे होती? पदराचं टोक मी मुठीत धरूनच होते, आणि वरून ओढतही होते. आता कळलं की तिचा पदर माझ्या घरापुरता नाही. माझी पोर वाचली, याचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही.

हेलीला म्हटलं, "कपडे कपाटात परत लाव." डोळे पुसत तिने विचारलं, "आई, दिव्याजवळ कोण बसणार?"

"तू बस. मला पोळ्या करायच्यात."

आणि मी स्वयंपाकघरात गेले. सगळ्या पोळ्या होईपर्यंत एकदाही बाहेर डोकावले नाही.