राहिलेले बारा मणी

सकाळी सातला वैजापूर मागं टाकलं. जीपमध्ये मी एकटा. शेजारच्या सीटवर भाकरीचं फडकं, पाण्याची बाटली अन् कौसल्याची तुळशीची माळ. कौसल्या माझी बायको. तिला जाऊन पाच महिने झाले. लोक संभाजीनगरला लेणी बघायला जातात. मी निघालो होतो गाडीचा काटा तपासायला, वेग दाखवतो तो.

कारण सांगतो. आठ दिवसांमागं भावकीतला दत्तू मोटारसायकलवर माझ्या मागनं आला. गावात उतरल्यावर म्हणाला, "आबा, या वयात लई पळवता की गाडी."

"चाळीसवर होतो."

"कशाचं चाळीस? माझा काटा पंचेचाळीसच्या खाली येईना."

दत्तू हसत निघून गेला. माझ्या तोंडातला घास तेव्हापासून गोड लागंना.

कौसल्याच्या मणक्यात गाठ झाली होती. महिन्यातून दोनदा तिला शहरातल्या दवाखान्यात न्यायचो. डॉक्टरनं बजावलं होतं, गाडी चाळीसच्या वर न्यायची नाय, हादरे बसले तर तिला सोसायचं नाय. पावसाळ्यात आमच्या पाणंदीत (शेतातून जाणारी गाडीवाट) चिखल गुडघाभर. गाडी पोटावर बसायची. तिच्यासाठीच मी मोठे टायर घातले. गाडी दोन बोटं उचलली गेली, चिखलातनं बाहेर निघायला लागली. मला वाटलं, शहाणपण केलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "अहो, दगड लवकर यायलाय."

"दगड काय चालत येतोय व्हय?"

"रस्त्याच्या कडंचा हो, किलोमीटरचा. पहिलं एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत माझी एक माळ पुरी व्हायची. आता बारा मणी राहतात."

"तू जप हळू करायला लागली. हा बघ काटा. चाळीस."

"दुखतंय पण जास्त."

"शाळेचं तोंड पाह्यलं नाय तू, अन् मशीनला खोटं पाडती?"

मी तरी कुठं शिकलेला? चौथीत सोडली. पण आकडे वाचता येत होते, त्याचा माज. ती दर खेपेला तेच सांगायची, मी काटा दाखवायचो. दांडी धरून बसायची, ओठ हलायचे, मणी सरकायचे. सात महिने. आता मला एवढंच बघायचं होतं, खरं कोण बोलत होतं, ती का काटा.

रस्त्याला दोन्ही अंगाला कपाशी फुटलेली, वेचायला बाया वाकलेल्या. थंडी बोटांत शिरत होती. मी चाळीसवर काटा धरून होतो अन् एकेका दगडाकडं चोरासारखा बघत होतो. माळीवाड्याच्या पुढं डाव्या हाताला देवगिरीचा डोंगर दिसायला लागतो. दर खेपेला तिथं कौसल्या हात जोडायची. मी विचारायचो, वर किल्ला आहे, हात कुणाला जोडती? ती म्हणायची, निम्मा रस्ता सरला म्हणून जोडते. निम्म्याच्या किती तरी पुढं असायचो आम्ही. यावेळी मीच स्टेअरिंग सोडून नमस्कार केला अन् गाडी कडंच्या मुरमात गेली. उलटता उलटता वाचलो. मागचा ट्रकवाला काय बोलला ते लिहीत नाय.

छावणीतनं शहरात शिरलो अन् रस्ता चुकलो. तीन ठिकाणी विचारलं. एक म्हणाला, काका नवीन गाडी घ्या. शेवटी एका रिक्षावाल्यानं सांगितलं, "जुना काटा देखनेवाला अब एकच बचा. चिकलठाण्याला जावा, जालना रोड. रशीद मिस्त्री."

रशीद मिस्त्री माझ्याच वयाचा निघाला. दाढी पांढरी, नखं काळी. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, भिंतीला जुने मीटर टांगलेले, सगळ्यांचे काटे शून्यावर. त्यानं मीटरकडं बघितलंच नाय. टायरभोवती एक चक्कर मारली.

"बाबा, कांदे ढोते का हत्ती?"

"बायकोला नेत होतो. दवाखान्यात."

मग तो हसला नाय. खडू काढला, टायरवर अन् खाली जमिनीवर एक रेघ मारली, मला गाडी हळूच पुढं घ्यायला लावली. टायरचा एक फेरा पुरा झाला तिथं दुसरी रेघ. टेप लावला. आठ फूट तीन इंच. जुना टायर स्टेपनीला होता, तो लोळवला. सात फूट चार इंच.

"समझे? मीटर फेरे गिनता. उसकू क्या मालूम फेरा बडा हो गया. एका फेऱ्यात गाडी अकरा इंच जास्त जाते, काट्याला पत्ताच नाय."

"म्हणजे किती फरक?"

"चलो, रोडपे देखते."

आम्ही करमाडच्या बाजूला निघालो. मोबाईलवरबी वेग दिसतो म्हणाला, पण त्याचा भरवसा दगडावर. मी काटा चाळीसवर धरला. दगड गेला तसं त्यानं मोबाईलचं घड्याळ चालू केलं. चाळीसनं एक किलोमीटरला नव्वद सेकंद लागले पाहिजेत, असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. मी मनात म्हणत होतो, लागू दे नव्वद. दुसरा दगड आला.

"ऐंशी," मिस्त्री म्हणाला.

मी गाडी बाजूला घेतली. कंपन्यांच्या बसा शेजारनं जात होत्या. मी त्याला माळ दाखवली अन् बारा मण्यांचं सांगितलं. त्यानं माळेला हात लावला नाय, तसाच बघत राहिला. मग बोटांवर काय तरी मोजलं, नंतर मोबाईलवर मोजलं.

"नव्वद में से दस कम. नववा हिस्सा. एकशे आठ का नववा हिस्सा..." त्यानं पुन्हा माळेकडं बघितलं. "बारा. काकी का हिसाब बराबर था, बाबा."

मला रडू आलं नाय. सात महिने ती बरोबर सांगत होती अन् मी तिला काटा दाखवत होतो.

टपरीवर आल्यावर मिस्त्री गाडीखाली सरपटला. गिअरबॉक्समधून मीटरला केबल जाते, तिच्या तोंडाशी दातेरी चकरी असते. अठरा दात्यांची काढून त्यानं सोळाची बसवली. दुपारी त्यानं नान-खलिया (हळदीच्या पाण्यानं पिवळी केलेली तंदुरी रोटी अन् मटणाचा रस्सा) मागवला. मी म्हणालो, आमच्यात माळ आहे. तर त्यानं दोन नान वेगळ्या कागदात काढून दिल्या. मी जवसाच्या चटणीसंगं खाल्ल्या अन् माझी एक भाकरी त्याला दिली.

"बडे टायर कायकू डाले?" त्यानं विचारलं.

"चिखलात अडकू नये म्हणून."

"उसी के वास्ते ना?"

"व्हय."

"फिर?" एवढंच म्हणाला अन् भाकरी मोडायला लागला. मला बरं वाटावं म्हणून बोलला असंल. वाटलं नाय.

पुन्हा दगड ते दगड गाडी पळवून बघितली. नव्वद.

परतीला ऊन उतरलेलं होतं. शहर सोडलं, रस्ता मोकळा झाला, तशी मी माळ डाव्या हातात घेतली. चाळीसवर काटा, खरा चाळीस. दगड आला तसा पहिला मणी सरकवला. माझी माळ पुढचा दगड यायच्या किती तरी आधीच संपली. मी घाईचा माणूस. पुन्हा केली, जरा हळू. तरी आधीच संपली. तिच्या ओठांकडं मी कधी नीट बघितलंच नव्हतं, मग ती किती सावकाश म्हणायची ते कुठनं ठाऊक असणार? पण आता काटा खरा होता, दगड जागेवर होते. दगडामागं दगड मी जप हळू करत गेलो. लासूर फाट्याच्या पुढं एकदा दगड अन् शेवटचा मणी बरोबर आला. पुढच्यालाबी आला. त्याच्या पुढच्यालाबी.

असं म्हणायची ती.

घरी आल्यावर इंजिन बंद केलं. खाली उतरलो नाय. दारात उभ्या गाडीत, शेजारच्या रिकाम्या सीटकडं तोंड करून, त्याच चालीनं एक माळ करायला लागलो. बारा मणी राहिले तिथं थांबलो अन् म्हणालो, "तुझं बरोबर होतं." मग ते बाराही सरकवले.