वाघ्या आला, दार उघड

चहा घ्या आधी, कारण हे ऐकून तुम्ही हसणार आणि मी पुन्हा लाल होणार. इतकी शोभा माझी माझ्या लग्नातसुद्धा झाली नव्हती.

तर आमची गाडी. नवऱ्याने, सचिनने, जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन कांजूरमार्गच्या एका गॅरेजात तिचं चालतं घर करून घेतलं. आत पलंग, शेगडी, छोटी मोरी, एकदम झकास. आणि चालवते कोण? मी. मुंबई ते उत्तराखंड, सगळे घाट माझ्या हातचे. अभिमान आहे मला, का नसावा? सोबत आमचे दोन कुत्रे, धिप्पाड वाघ्या आणि बुटकी चिंगी.

मार्च लागला होता. इथे पंखे फुल्ल, तिथे रस्त्याकडेला बर्फ अजून वितळतंय आणि डोंगरभर बुरांशाची लाल फुलं. एका गावाच्या वरच्या अंगाला गाडी लावली. टपरीवरचे चाचा म्हणाले, "दीदी, अंधेरे से पहले अंदर रहना. बाघ घूमता है." तिकडे बिबट्यालाही बाघच म्हणतात.

मी सचिनकडे बोट दाखवत हसले. "चाचा, मैं आरे कॉलनी की. हमारे उधर वो तबेले के पीछे बैठता है. डरेगा तो ये डरेगा, घाटकोपर का है."

सचिनने आणखी एक चहा मागवला.

संध्याकाळी वाघ्या पट्टा सोडवून पळाला. माझा जीव खालीवर. बिबट्याला कुत्रा म्हणजे मेजवानीच ना. सचिन खालच्या वाटेने शोधायला गेला. मी कड्यावर उभी राहून खास आरेतला आवाज लावला, "वाघ्याऽऽ, वाघ्याऽऽ!"

जरा वेळाने खाली गावात डबे वाजायला लागले. दारं धडाधड बंद. कुणीतरी ओरडलं, "बाघ आया! ऊपर, गाड़ी के पास!"

गाडीपाशी म्हणजे माझ्यापाशी की हो. मग काय, चप्पल तिथेच, चिंगी काखेत, मी आत. कडी लावली, वर पाण्याचा कॅन दाराला टेकवला. नवरा बाहेर, कुत्रा बाहेर. आठवण कुणाला होती?

तेवढ्यात दारावर नखं. खर्र, खर्र.

"रवळनाथा, धाव रे बाबा," मी पलंगाखालून. चिंगी मात्र शेपटी हलवत होती. मला वाटलं, भीतीने येडी झाली.

"अगं उघड," बाहेरून सचिन.

"बाघ गेला का?"

"नाही, इथेच उभा आहे, दार खाजवतोय. तूच बोलावलंस ना त्याला? तुझं 'वाघ्याऽऽ' खाली 'बाघ आया' ऐकू गेलं गं. आख्खं गाव काठ्या घेऊन वर आलंय."

दार उघडलं. वाघ्या अंगावर उडी मारून माझं तोंड चाटायला लागला. मागे चाचा, हातात माझी चप्पल. फार अदबीने त्यांनी विचारलं, "दीदी, आरेवाला बाघ इससे छोटा होता है क्या?"

परतीलाही मुंबईपर्यंत गाडी मीच चालवली हं, तो मान माझाच. फक्त वाटेत कुठे थांबलो की सचिन आधी दारावर टकटक करायचा आणि म्हणायचा, "घाबरू नकोस, घाटकोपरवाला आहे."