फोटोखालची ओळ

कासारवाडी स्टेशनच्या बाहेर एक सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची खोली, पुढे एक बाकडं आणि पंक्चर शोधायला पाण्यानं भरलेलं घमेलं. मालकाला सगळे चाचा म्हणतात. मी कॉलेजातून ज्या दुपारच्या गाडीनं परततो, त्याच गाडीनं पुण्याचं वर्तमानपत्र येतं. ते त्या बाकड्यावर बसून मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे आहे. ऐकायला चाचा असतात, एक टांगेवाले काका असतात आणि रुळांवरचं काम लवकर सुटलं तर माझे वडीलही येतात. वडील रेल्वेच्या गँगमध्ये आहेत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वाचन चालू असताना चाचा पंप मारत नाहीत. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी त्याला थांबावं लागतं.

मला हे काम आवडायचं. लोक माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मी वाचेन तेच जगात घडलं, असं त्यांना वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं मलाही वाटायचं.

कॉलेजाच्या पहिल्या वर्षी मी राखीव पलटणीत नाव घातलं. रविवारी कवायत, वर्षातून एकदा कॅम्प, बाकी आपलं शिक्षण चालूच. यातून पुढे एखादी सरकारी नोकरी लागेल असा माझा हिशेब होता. वडिलांना मात्र खाकी कपड्यांचाच आनंद जास्त होता. लढाई वगैरे काही मनात नव्हतं. पण ते दिवस राज्यांच्या हद्दींवरून चाललेल्या सभांचे आणि मोर्चांचे होते. एका आठवड्यात शहरातली गडबड वाढली, संचारबंदी लागली आणि आम्हाला बोलावणं आलं.

मला एका गल्लीच्या तोंडाशी उभं केलं. बांबूचा आडवा दांडा, त्यामागे मी आणि माझी रायफल. हवालदारांचा हुकूम सोपा होता. दांड्याच्या पुढे कोणी जायचं नाही आणि कोणाशी बोलत बसायचं नाही. सकाळी त्याच गल्लीत दगड पडले होते. त्यांतले काही अजून रस्त्यावर होते. दगड मारणाऱ्यांत माझ्या वर्गातली दोन मुलं मला दिसली होती. त्यांनीही मला बघितलं. त्यांच्या घोषणा मला चुकीच्या वाटत नव्हत्या. पण मी दांड्याच्या या बाजूला होतो, आणि त्या बाजूला जाण्याची माझ्यात हिंमत नव्हती. दगडांची भीती वाटत होती आणि मुलांची लाजही वाटत होती. यातलं जास्त काय होतं ते आजही सांगता येत नाही.

दुपारी लोकांना पाणी भरायला तासाभराची सूट मिळाली. तेव्हा एक माणूस आला. पंचविशीचा असेल. डोक्यावर कारखान्याची टोपी, हातात जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं छोटं गाठोडं.

"दादा, त्या दुसऱ्या घरात माझी बहीण हाय," तो म्हणाला. "परवा बाळंत झालीया. आईनं सातारकडनं लाडू धाडल्यात, डिंकाचे. एवढं देऊन येतो."

"पुढे जायचा हुकूम नाही."

"दोन मिंटं."

"नाही म्हटलं ना."

तो गेला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी कुठले?"

"कासारवाडी."

"आवो, मग शेजारचेच की! मी पिंपरीला, औषधाच्या नव्या कारखान्यात. अजून कायम केलं न्हाई. आता करतील."

शहरात चार दिवस कोणी मला 'कुठले' असं विचारलं नव्हतं. दुसऱ्या घराच्या पहिल्या मजल्यावर, गॅलरीत एक म्हातारी उभी होती. ती त्याच्या बहिणीची सासू. खालचं दार त्यांनी आतून अडसर घालून बंद केलं होतं आणि खाली यायला कोणी धजत नव्हतं. मी इकडे-तिकडे पाहिलं. हवालदार पलीकडच्या कोपऱ्यावर होते. दांड्याच्या पुढे कोणी जायचं नाही एवढाच हुकूम आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि म्हणालो, "इथूनच फेका."

म्हातारीनं पदर पसरला. त्यानं गाठोडं फेकलं. ते कठड्याला लागून परत आमच्याच पायाशी पडलं आणि सुटलं. तो खाली बसून लाडू गोळा करू लागला, एकेकावरची धूळ फुंकू लागला. एक लाडू फुटला होता. त्याचा अर्धा भाग माझ्यापुढे धरून म्हणाला, "घ्या. फुटका बाळंतिणीला न्हाई देत."

"ड्यूटीवर आहे मी."

"मग काय, ड्यूटीवाल्याला भूक लागत न्हाई?"

मी खाल्ला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. डिंक चांगला फुलला नव्हता, दाताखाली कचकन वाजला. "आईचे लाडू घट्टच असतात," तो म्हणाला. "दात सांभाळा राव."

दुसऱ्या वेळी त्यानं गाठ घट्ट मारली, हात पार खांद्यामागे नेला आणि पूर्ण जोर लावून फेकलं. गाठोडं म्हातारीच्या पदरात पडलं. ती हसली. तो हात जोडून निघून गेला. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर एक माणूस कॅमेरा घेऊन उभा होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आठ दिवसांनी मी घरी आलो. चाचांनी वर्तमानपत्रं जपून ठेवली होती. एका अंकात पहिल्या पानावर मोठा फोटो होता. चाचांनी तो माझ्यापुढे धरला. "बघ, तूच हायेस न्हवं? मी पैजेनं सांगत व्हतो."

मीच होतो. दांड्यामागे, हातात रायफल, आणि माझ्या पुढ्यात तो माणूस, हात खांद्यामागे नेलेला, मुठीत काहीतरी गोल. टोपी आणि अर्धं तोंड स्पष्ट दिसत होतं. म्हातारी आणि तिचा पदर फोटोत नव्हते. फोटो त्यांच्या खालीच संपला होता. खाली छापलं होतं: 'जवानांच्या डोळ्यांदेखत जमावाची दगडफेक'.

"वाच की," टांगेवाले काका म्हणाले. वडील बाकड्याच्या कडेला बसले होते. पटका सारखा करून ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी वाचलं, "शहराच्या रक्षणासाठी जवान सज्ज."

कसं सुचलं ते मला माहीत नाही. मला वाटलं, खरी ओळ वाचली तर हे म्हणतील, तुझ्यासमोर दगड मारत होते आणि तू काय करत होतास? खरी हकीकत सांगावी तर हुकूम मोडल्याचं सांगावं लागणार. त्या माणसाचा विचार माझ्या मनात आलाच नाही असं नाही. आला होता. एवढ्या शहरात त्याला कोण ओळखणार, असं म्हणून मी तो बाजूला सारला.

"आन ह्यो पुढचा कोन?" चाचांनी विचारलं.

"असाच कोणीतरी."

चाचांनी तो फोटो कापून खळीनं दुकानाच्या दारावर चिकटवला. टांगेवाले काका दुसरा अंक घेऊन आले आणि त्यातलं कात्रण वडिलांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. गँगमधल्या प्रत्येकानं ते पाहिलं असणार. त्या आठवड्यात वडील माझ्याशी जरा मोठ्या आवाजात बोलत होते.

मग एका दुपारी मी वाचायला बसलो असताना तो आला. पायी आला होता. डोक्यावर टोपी नव्हती. चाचांना म्हणाला, "हितला पलटणीतला एक पोरगा..." आणि त्याचं लक्ष दारावर गेलं. जवळ जाऊन, बोट ठेवत, शाळेतल्या मुलासारखं त्यानं मोठ्यानं वाचलं, "जवानांच्या डोळ्यांदेखत जमावाची दगडफेक."

"न्हाई न्हाई, तसं न्हाई त्ये," टांगेवाले काका हसून म्हणाले. "रक्षनासाठी जवान सज्ज, असं हाय. आमच्या पोरानं वाचलंय."

"मला चार बुकं येत्यात, काका. दगडफेकच हाय. ह्या वळीपायी तर मला गेटवर अडवलंय."

चाचांच्या हातातली ट्यूब घमेल्यात तशीच बुडबुडे सोडत राहिली.

मग तो माझ्याशी बोलला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच अवघड झालं. कारखान्यातल्या कोणीतरी फोटो ओळखला. दगड मारणारा माणूस कायम करता येणार नाही, असं साहेबांनी सांगितलं. शनिवारपर्यंत काही पुरावा असेल तर आण, नाहीतर हिशेब घेऊन जा. "बहिनीच्या सासूला घेऊन गेलो आसतो," तो म्हणाला, "पन त्ये म्हनले, घरच्या मानसाचं आमी धरत न्हाई. दुसरं बघणारं तुमीच."

"काय फेकलं व्हतं रं?" वडिलांनी मला विचारलं.

"लाडू, आबा. डिंकाचे. मीच म्हणालो त्यांना, इथून फेका म्हणून. आणि त्यातला अर्धा खाल्लाही."

टांगेवाले काका फिस्सकन हसले. "आरं, सज्ज कशासाठी व्हतास त्ये आत्ता कळलं!" पण वडील हसले नाहीत. ते उठले, दारावरच्या फोटोपुढे थोडा वेळ उभे राहिले.

"मग मला का दुसरंच वाचून दावलंस?"

मी हातातल्या अंकाची घडी घातली. वडील म्हणाले, "मला वाचता येत न्हाई. तुझ्या डोळ्यांनी बघतो मी. त्येच जर..." मग त्या माणसाकडे वळून म्हणाले, "शनवारी कशाला? उद्याच जाऊ. मीबी येतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कारखान्याच्या गेटवर गेलो. वडिलांनी धुतलेला पटका बांधला होता. साहेबांनी मला विचारलं, ते लाडूच होते हे तू कशावरून म्हणतोस? मी म्हणालो, मी खाल्ला आहे. ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. ड्यूटीवर? हो. आणि पुढे जायला मनाई असताना? हो साहेब, फेकायलाही मीच सांगितलं. त्यांनी कागद पुढे सरकवला. मी सगळं लिहिलं, खाली पलटणीतला माझा नंबर लिहिला आणि सही केली. एक प्रत पलटणीला पाठवावी लागेल, ते म्हणाले. मी मान हलवली.

पुढच्या रविवारी कवायतीनंतर सुभेदारसाहेबांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. "तुला माणसं थांबवायला ठेवला होता की जेवायला?" त्या वर्षी मला बाहीवर बढतीची फीत मिळणार होती ती मिळाली नाही, आणि पुढचा सबंध कॅम्प मी लंगरखान्यात पोळ्या लाटल्या. माझं नाव काढून टाकलं नाही. ते का, हे नंतर कोणीतरी सुभेदारसाहेबांना विचारताना मी ऐकलं. ते म्हणाले, "बाळंतिणीचं होतं म्हणून सोडला."

मी वर्तमानपत्राच्या कचेरीतही गेलो. जाताना मनात बरंच भांडण तयार केलं होतं. तिथे शाईनं बोटं माखलेले एक वयस्क गृहस्थ बसले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, जुना अंक काढला, चष्मा कपाळावर नेऊन फोटो डोळ्यांजवळ धरला.

"ओळ मी लिहिली," ते म्हणाले. "फोटो माझ्याकडे आला, अंक मशीनवर चढत होता. सकाळी त्या गल्लीत दगड पडले होते ना? मला हात दिसला, मी दगड लिहिलं. मी तिथं नव्हतो हो."

माझं भांडण तिथेच संपलं. ते तिथं नव्हते. मी तर होतो. माझ्या दाताखाली त्या लाडवातला डिंक वाजला होता, आणि तरीही मी बाकड्यावर बसून तिसरीच ओळ वाचली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं आता वाटतं.

चार-पाच दिवसांनी आतल्या पानावर, दंतमंजनाच्या जाहिरातीखाली तीन ओळींचा खुलासा आला. तो मी चाचांच्या दुकानात जसा होता तसा वाचला. चाचा म्हणाले, "पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचला. टांगेवाल्या काकांनी बोट पुढे करून विचारलं, "हे तिथं छापलंय, का तुझ्या पदरचं?" हा प्रश्न ते अजूनही विचारतात, बाजारभाव वाचले तरी विचारतात. मी अंक त्यांच्यापुढे धरतो. त्यांना वाचता येत नाही, पण ते ओळीवर नजर फिरवून मान डोलावतात. गेल्या महिन्यापासून मी त्यांना अक्षरं शिकवायला लागलो आहे. 'द' आणि 'ड' मध्ये त्यांचा अजून गोंधळ होतो.

त्या माणसाला कारखान्यानं ठेवून घेतलं, मात्र कायम करायला आणखी सहा महिने लावले. ते सहा महिने माझ्यामुळे गेले की त्या ओळीमुळे, हा प्रश्न मी त्याला एकदा विचारला. "जाऊ द्या की राव," तो म्हणाला. भाचीच्या लांबलेल्या बारशाचं बोलावणं मात्र त्यानं आम्हा सगळ्यांना केलं होतं.

चाचांनी दारावरचा फोटो काढला नाही. आता त्याच्याखाली खुलासा चिकटवला आहे. वडिलांच्या खिशातलं कात्रण घड्यांवर फाटायला आलं होतं. एका संध्याकाळी त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं आणि पेन्सिल दिली. "खरं काय त्ये लिव्ह."

मी छापील ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं: 'बहिणीसाठी लाडू वर फेकताना भाऊ. मागे पहाऱ्यावरचा जवान.'

"वाच."

मी वाचलं. त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवायला लावून पुन्हा वाचून घेतलं. परवा मी फाटकापाशी उभा असताना ते गँगमध्ये नव्यानं आलेल्या एकाला ते कात्रण दाखवत होते. "ह्यो मागचा आमचा पोरगा," ते सांगत होते. मग त्या माणसाच्या मुठीवर बोट टेकवून म्हणाले, "आन ह्यो लाडू. दगूड न्हाई. नीट बघ."