दादाची खानदानी आरामखुर्ची

नव्वदच्या दशकात नाशकात पैसा आला आणि त्याच्यामागोमाग लोकांना पूर्वज हवेसे झाले. माझ्या नवऱ्याचा तेव्हा सातपूरला लाकडाचा छोटा कारखाना होता. इंग्रज साहेबांच्या बंगल्यांत असायच्या तसल्या लांब हातांच्या आरामखुर्च्या तो हातानं हुबेहूब घडवायचा. त्या जुन्या करायचं काम माझं. नव्या सागवानावर चहाचं पाणी फिरवायचं, सायकलच्या चेननं झोडपायचं, दाभणानं किड्याची भोकं पाडायची. विकताना नक्कल म्हणूनच सांगायचो. खोटं बोलायचं काम गिऱ्हाईक घरी जाऊन स्वतः करायचं. गंगापूर रोडच्या बंगल्यांत अशा किती 'पणजोबांच्या' खुर्च्या गेल्या! त्यांत रेलून ढेरीवरून हात फिरवणाऱ्या त्या मंडळींची मला किळस यायची.

मग माझा सख्खा भाऊच आला. मळ्याची जमीन बिल्डरला देऊन त्यानंही बंगला बांधला होता. भाचीला ओझरचं स्थळ आलं होतं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. "आत्या, हे जमू दे गं," असं ती माझा हात धरून म्हणाली होती. दादाला मात्र एकच घोर, पाहुण्यांना आपण खानदानी वाटलो पाहिजे.

"एक खुर्ची दे. लय जुनी दिसली पाहिजे. आबांची म्हणून सांगतो."

आबा म्हणजे आमचे वडील. जन्मभर त्यांनी बाजारात गोणपाटावर बसून झेंडू-शेवंती विकली.

"लाज वाटते का रे आबांची?" मी तोंडावर विचारलं.

"तुला व्यवहार कळत नाय," तो म्हणाला.

भाचीकडे बघून खुर्ची दिली. मन लावून जुनी केली.

पाहण्याच्या दिवशी गेले, तर खुर्ची लखलखत होती आणि दिवाणखान्यात पॉलिशचा वास भरला होता. पाहुण्यांसमोर असलं कळकट लाकूड कसं ठेवायचं, म्हणून वहिनीनं आदल्या दिवशी पेंटर बोलावून खुर्चीला मेलामाईनचं चकचकीत पॉलिश मारून घेतलं होतं! "काय झकास दिसतेय ना?" दादा वर मलाच विचारतोय. हौसेनं जुनी करून घ्यायची आणि पुन्हा नवी करायची. इतकी अक्कल फक्त आमच्याच घरात.

मुलाचे वडील खुर्चीत बसले. "नवी घेतली वाटतं," ते सहज म्हणाले. तिथे नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी सुटला असता. पण नाही.

"छे, छे! आमच्या वडिलांची," दादा छाती फुगवून म्हणाला. "रोज संध्याकाळी याच खुर्चीत बसायचे. मोठे बागाईतदार. माल बघायला गडीमाणसं."

मुलाच्या वडिलांनी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं. मग शांतपणे म्हणाले, "मी ओळखायचो त्यांना. आमच्या घरचे हार त्यांच्याकडूनच असायचे. कोमेजलेलं फूल कधी हारात घातलं नाही त्यांनी. त्यांची नात म्हणून तर आलो होतो."

चहा अर्धा ठेवून ते उठले. मुलगाही मान खाली घालून बापामागे चालता झाला. त्याचंही मला काही कौतुक वाटलं नाही. नकाराचा निरोप येण्याची वाट बघायची गरजच उरली नाही.

त्यांची गाडी वळल्यावर दादा माझ्यावर खेकसला, "तू नीट जुनी केली असतीस तर हे झालं नसतं."

भाची दारात उभी राहून रडत होती. तिच्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. तो खुर्चीपाशी उकिडवा बसून लाकडी हातावरची चकाकी नखानं खरवडत होता.