सणाचा पांढरा झगा

सिदोनी माझी आत्या. आम्ही डोंगरातली माणसं, फों-सें-दनीची. ती तेवढी खाली समुद्राकाठच्या सें-प्येर शहरात लग्न करून गेली आणि नदीवर धुणं धुवायला लागली. तिचं काम बघत बसावं असं होतं. साबण लावलेलं कापड काळ्या दगडांवर उन्हात पसरायचं, सुकत आलं की पाणी शिंपडायचं, मग आपटायचं, शेवटी निळीत बुडवायचं. तिने धुतलेली चादर लांबून ओळखू यायची.

त्या वर्षी शहराच्या डोक्यावरचा पेले डोंगर, तो ज्वालामुखी, राख टाकू लागला. नदी गढूळ झाली, तिला सडक्या अंड्यांचा वास सुटला. मेलेली पाखरं वाहत यायची. आत्या ती काठीने सारायची आणि थुंकायची. कापड पसरलं की राखेने करडं. पुन्हा धू, पुन्हा करडं.

"सिदोनी, काळं धू गं, काळं!" शेजारच्या दगडावरून झाबेत हसायची. "डाग तरी दिसायचा नाही."

आत्याला शहर सोडायचं होतं. पण तिची लेक तेलीस एका बड्या घरात कामाला, आणि तिथल्या बाईंना येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला चर्चमध्ये पांढराशुभ्र झगा हवा होता. घोडे रस्त्यात गुदमरून पडत होते, आणि बाई नाकाला अत्तराचा रुमाल लावून झालरी तपासत होत्या.

सणाच्या आदल्या दिवशी तेलीस झगा न्यायला नदीवर आली.

"पोरी, आत्ताच्या आत्ता वर मामाकडे चल."

"आणि बाईंचा झगा?"

"डोंगर पेटलाय, तुला झगा सुचतोय?"

"डोंगर गप्प बसेल गं आई. बाई नाही बसायच्या."

निळीतून नुकता काढलेला झगा आत्याने उचलला, काठच्या त्या घाणेरड्या चिखलात फेकला आणि दोन्ही पायांनी तुडवला.

तेलीस किंचाळली. "आता कुठल्या तोंडाने जाऊ मी?"

"जाऊच नकोस."

डोंगराला न भ्यालेली पोर बाईंना भ्याली. रडत, आईला शिव्या घालत तिच्यासोबत आमच्या घरापर्यंत चालत आली.

सकाळी कानठळ्या बसवणारा आवाज झाला. राखेचा काळोख विरल्यावर आम्ही कड्यावर गेलो. खाली शहर नव्हतं. वारा फिरला तसा जळक्या मांसाचा वास आला. झाबेत तिथेच होती, सगळेच तिथे होते.

तेलीस कड्यावरून खाली वाकली. मग हळूच म्हणाली, "आई, आता झग्याचं कुणी विचारणार नाही ना गं?"

तिचा जीव भांड्यात पडला होता. आत्याने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, शेजारची केळ धरली आणि ती भडाभडा ओकली.